कडेगावचे पाणी आणि कलकत्त्याचा अजबखाना

गेल्या वैशाखात आम्ही चार दिवस कडेगावास आमच्या थोरल्या भगिनीकडे जाऊन राहिलो होतो. कऱ्हाडाहून विट्याच्या रस्त्याला लागून सुर्लीचा घाट चढला की कृष्णाकाठची हिरवी समृद्धी मागे पडते आणि उघडे माळ, ठेंगण्या टेकड्या व बाभळी-निंबांची विरळ सावली असा देखावा सुरू होतो. हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील. महाबळेश्वरावर आषाढात रात्रंदिवस कोसळणारे मेघ येथवर येईपर्यंत रिकाम्या हाताने पुढे निघून जातात. १९४९ पर्यंत हा सारा प्रदेश सातारा जिल्ह्यातच मोडत असे. त्या वर्षी दक्षिण सातारा असा निराळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. नकाशावरील रेषा बदलली तरी नद्यांचे नाते बदलत नाही. आणि आमची आजची हकीकत नद्यांचीच आहे.

कडेगावची कीर्ती बाहेरच्या लोकांस मुख्यतः मोहरमातील गगनचुंबी ताबुतांमुळे ठाऊक असते. हिंदू-मुसलमान मिळून ते उभारतात व मिरवितात, आणि ते पाहावयास दूरदूरची माणसे येतात. शेजारी कडेपूरच्या डोंगरावर डोंगराईचे देऊळ आहे. देवराष्ट्रे येथे सागरेश्वराचा प्राचीन देवळांचा समूह असून त्याच गावी १९१३ साली यशवंतराव चव्हाणांचा जन्म झाला. सागरेश्वरच्या उघड्या डोंगरांवर माणसांनी झाडे लावून, हरणे आणून सोडून अभयारण्य उभे केले, हेही या तालुक्याचे एक नवलच होय. परंतु या खेपेस आम्हांस सर्वांत मोठे नवल वाटले ते पाण्याचे. आमच्या भगिनीचे लग्न होऊन ती या घरी आली तेव्हा वैशाखात आडाला तळ दिसत असे व दोन हंडे पाण्यासाठी पहाटे उठावे लागे. आता घरामागच्या शेताच्या बांधाशी उभे राहिले असता टेंभू योजनेच्या कालव्याचे पाणी भर उन्हात झुळझुळत जाताना दिसते. कऱ्हाडच्या खाली टेंभू गावाजवळ कृष्णेचे पाणी अडवून ते पंपांच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने वर चढवितात आणि कडेगाव, खानापूर, आटपाडी अशा तहानलेल्या तालुक्यांस पोहोचवितात. भगीरथाने गंगा खाली आणली. येथे अभियंत्यांनी कृष्णा वर चढविली, असे आमचे मेहुणे मोठ्या अभिमानाने म्हणतात, आणि तो अभिमान यथार्थ आहे.

या कालव्यानेच घरात एक लहानसा तंटा उपस्थित केला होता. आमचा भाचा तेरा वर्षांचा आहे. पाण्याचे आवर्तन सुटले की हा कालव्याच्या कडेस पालथा पडून पाण्यात पाहत बसतो व शंख, शिंपले, चतुराच्या अळ्या असे जे हाती लागेल ते बाटल्यांत भरून घरी आणतो. माडीवरच्या कोनाड्यात अशा अकरा बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. त्यांतील दोघीतिघींस दुर्गंधी सुटली होती. भगिनीच्या सासूबाईंनी, म्हणजे घरातल्या सर्वांच्या आजींनी, आम्ही पोहोचल्या दिवशीच आमच्यापाशी गाऱ्हाणे मांडले. "तुम्ही मामा आहात, तुमचे तरी ऐकेल. देवघराच्या वरच्या खोलीत मेलेले किडे! आणि आता म्हणतो, ते टिकवायला स्पिरिट आणून द्या. या घरात आजवर दारूचा थेंब आला नाही."

भावोजींचा आक्षेप निराळा होता. "किडे गोळा करण्याला माझी ना नाही," ते म्हणाले, "पण त्याने कधी कोणाचे पोट भरले आहे काय? अभियंता हो म्हणावे. मग कालव्यात काय वळवळते ते सवडीने पाहा."

आम्ही मुलास जवळ बोलावून एक बाटली हाती घेतली. तीत नखाएवढा, तपकिरी रेषांचा सुंदर शंख होता. आम्ही विचारले, "हा कोठे सापडला?" तो म्हणाला, "कालव्यात." "कोणत्या जागी? केव्हा?" तो गप्प झाला. आठवत नव्हते. आम्ही दुसरी बाटली उचलली. तिचीही तीच गत. आमच्या स्वतःच्या बालपणी पिसांची व शिंपल्यांची एक पेटी होती. दिवाळीच्या झाडलोटीत वडीलधाऱ्यांपैकी कोणी ती उकिरड्यावर रिकामी केली आणि आम्ही दोन दिवस जेवलो नाही. त्या पेटीतील एकाही वस्तूवर आम्ही एक अक्षर लिहिलेले नव्हते, हे आज आठवले म्हणजे फेकणारापेक्षा आमचाच दोष अधिक वाटतो. त्या रात्री अंगणात बाजा टाकून सर्व मंडळी निजली असता आम्ही मुलास या पाण्याची एक जुनी गोष्ट सांगू लागलो. भावोजी जागेच होते. गोष्ट अर्ध्यावर आली तेव्हा तेच म्हणाले, "उद्या मोटार काढू. हेळवाकपर्यंत जाऊन ती जागाच पाहून येऊ." तीच गोष्ट आम्ही येथे वाचकांस प्रवासाच्या क्रमाने सांगतो.

पहाटे निघून सुर्लीचा घाट उतरलो. कऱ्हाड येण्यापूर्वी डाव्या हातास नदीकडे टेंभू गाव राहते. हे गाव उपसा योजनेमुळे आज सर्वतोमुखी झाले असले तरी त्याची खरी थोरवी जुनी आहे. १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर येथे जन्मले. 'सुधारक'कार आगरकरांचे नाव घेताच मुलाने विचारले, "मामा, काल रात्री तुम्ही सांगितलेत ते हेच का?" नव्हे. ही गल्लत थोरांचीही होते. पुण्यास विधी महाविद्यालयाजवळ ज्या रस्त्यास गोपाळ गणेश आगरकरांचे नाव आहे, त्याच रस्त्यावर 'आघारकर संशोधन संस्था' अशी पाटी दिसते, आणि जाणारे-येणारे दोन्ही नावे एकच समजून पुढे जातात. दुसरे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर. जन्म १८८४, गाव कोकणातील मालवण. टेंभूच्या आगरकरांनी जन्मतः ज्या कृष्णेचे पाणी प्यायले, तिच्याच उपनद्यांत मालवणच्या आघारकरांनी एक असा जीव पाहिला की त्यामुळे लंडन-कलकत्त्याचे पंडित सातारा जिल्ह्याचा नकाशा उलगडून बसले.

कऱ्हाडास प्रीतिसंगमावर थोडे थांबलो. कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना समोरून येते, आणि दोघी बहिणी गळ्यात गळा घालून पूर्वेकडे वळतात. महाबळेश्वराच्या देवळातील गोमुखातून कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री अशा पाच नद्या निघतात, हे आपल्या घरांतून लहानथोरांस ठाऊक असते. यांपैकी वेण्णा मेढ्यावरून वाहत जाऊन साताऱ्याजवळ माहुलीस कृष्णेला मिळते. कोयना दक्षिणेकडे हेळवाकपर्यंत जाऊन तेथे एकाएकी पूर्वेस वळते व पाटणवरून कऱ्हाडास येते. म्हणजे टेंभूस जे पाणी पंपात शिरते त्यात कृष्णा, वेण्णा व कोयना या तिघींचा अंश असतो. कडेगावच्या कालव्याशी पालथ्या पडणाऱ्या आमच्या भाच्यास हे ऐकून फारच धन्यता वाटली.

१९११ सालची गोष्ट. आघारकर त्या वेळी सव्वीस वर्षांचे होते व मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. सह्याद्रीच्या वनस्पती व प्राणी पाहत पायी हिंडणे हा त्यांचा छंद. वेण्णा आणि कोयना यांच्या खोऱ्यांत उन्हाळ्यात प्रवाह तुटतो आणि नदी म्हणजे खडकांतील डोहांची एक माळ उरते. पाणी स्तब्ध, स्वच्छ, वरून तापलेले. अशा डोहांत त्यांस काचेच्या लहानशा छत्रीसारखे, उघडझाप करीत तरंगणारे, पारदर्शक जीव दिसले. ते जेलीफिश होते. समुद्रकाठी ज्यांनी बालपण घालविले त्यांस जेलीफिशचे नवल नाही. परंतु समुद्रापासून घाटमाथ्याने तोडलेल्या, पूर्वेकडे वाहणाऱ्या गोड्या नदीत तो कोठून आला? दुसरा कोणी असता तर "चमत्कारिक आहे खरे" एवढे म्हणून पाणी पिऊन पुढे गेला असता. आघारकरांनी नमुने घेतले, जागा टिपून ठेवली, आणि प्रश्न योग्य माणसाकडे पोहोचविला. तो योग्य माणूस कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये बसला होता.

म्युझियमला आपल्याकडे अजबखाना म्हणत, बंगाल्यात जादूघर म्हणतात. दोन्ही नावांत एकच समजूत दडलेली आहे, की ही जागा लोकांनी तोंडात बोट घालून पाहण्याची. राणीच्या बागेतील किंवा कोटातील संग्रहालयात पेंढा भरलेला वाघ पाहून आपण बाहेर पडतो. परंतु ज्या संग्रहालयास प्राणिशास्त्राचे माहेर म्हणावे, त्याचे बहुतेक सर्व धन प्रेक्षकांच्या दृष्टीआड, मागच्या खोल्यांतील फडताळांत असते. तेथे हजारो बाटल्या, प्रत्येकीत एक जीव, आणि प्रत्येक जिवाबरोबर एक चिठ्ठी. ती चिठ्ठी सांगते की हा कोठे मिळाला, केव्हा मिळाला, कोणी मिळविला. कलकत्त्याचा संग्रह एशियाटिक सोसायटीने १८१४ साली सुरू केलेला. १९०७ पासून तेथील अधीक्षक होते डॉक्टर नेल्सन ॲनन्डेल.

या गृहस्थांचे चरित्र म्हणजे संग्रहालयातील प्राणिशास्त्रज्ञ कसा असावा याचा एक आदर्शच होय. जन्म १८७६, एडिंबरो. वडील त्या नगरीतील विख्यात शस्त्रवैद्य व प्राध्यापक. मुलाने तो सुखाचा मार्ग सोडला. ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेऊन फेरो बेटे व आइसलंड पालथे घातले, मग मलाया द्वीपकल्पात जाऊन माणसे व प्राणी या दोहोंचा अभ्यास केला. १९०४ साली ते कलकत्त्यास उपअधीक्षक म्हणून आले आणि पुढची वीस वर्षे, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत, त्यांनी याच देशाच्या प्राण्यांत घालविली. अधीक्षक होताच त्यांनी संग्रहालयाची दोन शास्त्रीय नियतकालिके काढली. कारण बाटलीत ठेवलेला जीव छापील अक्षरांत आल्यावाचून जगाच्या दृष्टीने जन्मासच येत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. मोठी जनावरे इतरांनी मोजलेली होती. ॲनन्डेल वाकून पाहणारे. स्पंज, शैवालासारखे दिसणारे जलजीव, गोगलगायी, बेडूक, ओढ्यातील दगडाच्या खालच्या बाजूस चिकटलेले जे काही असेल ते त्यांचे. गोड्या पाण्यातील स्पंज व त्यांच्या जातभाईंवरील त्यांचा ग्रंथ १९११ सालीच प्रसिद्ध झाला. आणि त्याच वर्षी मुंबईच्या एका तरुण शिक्षकाने त्यांच्या पुढ्यात असा जीव आणून ठेवला, की त्या विषयास एक नवाच अध्याय जोडावा लागला!

त्या जिवाचे महत्त्व काय, हे समजण्यासाठी आफ्रिकेत जावे लागेल. १८८३ साली तेथील टांगानिका या प्रचंड सरोवरात बोम नावाच्या जर्मन प्रवाशास गोड्या पाण्यातील जेलीफिश दिसला होता, व दहा वर्षांनी गुंथर यांनी त्यास लिम्नोक्नाइडा या कुळात घातले. तेव्हापासून मूर नावाच्या इंग्रज संशोधकाने असे प्रतिपादन चालविले होते, की टांगानिका हे एका लुप्त समुद्राचे अवशिष्ट पाणी असले पाहिजे, एरवी तेथे समुद्राचा प्राणी कसा? पुढे तो आफ्रिकेच्या इतर पाण्यांतही सापडू लागला आणि या तर्कास तडे गेले. आता तर त्याच कुळाचा जीव अरबी समुद्रापलीकडे, वेण्णा-कोयनेच्या ओढेवजा पात्रात निघाला. मेढ्याच्या डोहास काही कोणी लुप्त समुद्र म्हणेना! उलट प्रश्न असा उभा राहिला, की आफ्रिका आणि आपला दख्खन यांच्यात फार पुरातन काळचे काही नाते आहे काय? दोन्ही भूभाग एकेकाळी एकाच विशाल खंडाचे तुकडे होते हे आज शालेय पुस्तकांतही असते. तेव्हा ती वादाची गोष्ट होती. ॲनन्डेल यांनी या जिवास लिम्नोक्नाइडा इंडिका असे नाव दिले, 'नेचर' या लंडनच्या साप्ताहिकात वार्ता गेली, आणि आघारकरांचे नाव शास्त्रज्ञांच्या मंडळात एका वर्षात माहितीचे झाले.

जेलीफिशची जीवनकथाही मोठी बोधप्रद आहे. आपणांस दिसते ती छत्री म्हणजे त्याच्या आयुष्याचा केवळ एक उन्हाळा. मूळ जीव सूक्ष्म, खडकास चिकटून राहणारा. पाणी तापले व स्तब्ध झाले की त्यास कळ्या येतात, कळ्या सुटून छत्र्या होतात, त्यांची पिल्ले पुन्हा तळाशी जाऊन बसतात, आणि मृगाचा पहिला लोंढा छत्र्यांस वाहून नेतो. ज्याने आषाढात डोह पाहिला त्यास तेथे काहीच दिसणार नाही. म्हणून चिठ्ठीवर तिथी हवी.

ॲनन्डेल यांनी एवढ्यावर थांबून बाटली फडताळात ठेवली असती तरी त्यांचे काम झाले असते. परंतु त्यांचा विशेष येथेच दिसतो. त्यांनी आपले साहाय्यक ग्रेव्हली यांस १९१२ साली साताऱ्याकडे धाडले. ग्रेव्हली व आघारकर यांनी मेढा आणि हेळवाकच्या बाजूस हिंडून या जिवाची वसती व सवयी तपासल्या, आणि दोघांच्या नावे निबंध प्रसिद्ध झाला. आघारकरांस कलकत्त्यास बोलावून संग्रह करण्याची, जतन करण्याची व नोंदण्याची संग्रहालयाची पद्धती शिकविण्यात आली. त्या काळी अशा खात्यांतील वरच्या जागा बहुतेक गोऱ्या अधिकाऱ्यांसच मिळत. तरी हुशार हिंदी तरुण दिसला की त्यास ओढून आणावयाचे, ही ॲनन्डेल यांची रीतच होती. लाहोरास गेले असता सुंदरलाल होरा त्यांस असेच भेटले. पुढे बेनी प्रसाद व होरा हे दोघेही ॲनन्डेल यांच्याच संस्थेचे संचालक झाले. ती संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. १ जुलै १९१६ रोजी ती स्थापन झाली आणि ॲनन्डेल तिचे पहिले संचालक. चिल्का सरोवर, ब्रह्मदेशातील इनले, जपानातील बिवा, पॅलेस्टाइनचा गालीलचा समुद्र अशी पाणीच पाणी हिंडणाऱ्या या माणसाने १९१९ साली एक दीर्घ निबंध छापला, त्याचा विषय मुंबई इलाख्यातील काही लहान ओढ्यांची प्राणिसृष्टी! १९२४ च्या आरंभी ते बंगळूरच्या विज्ञान परिषदेचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी १० एप्रिलला, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, कलकत्त्यास त्यांचा अंत झाला.

मोटार पाटण सोडून कोयनेच्या काठाने वर चढत होती. इतका वेळ मुकाट्याने ऐकणाऱ्या मुलाने प्रश्न केला, "पण मामा, सापडला आघारकरांना, मग नावापुढे ॲनन्डेल का लिहितात?" प्रश्न चोख होता. शास्त्राचा नियम असा, की जो प्रथम वर्णन छापतो त्याचे नाव जातीच्या नावापुढे लागते. शोधणाऱ्याची जागा चिठ्ठीवर असते. नियम न्याय्य असो वा नसो, चिठ्ठी नसेल तर शोधणारा कायमचा पुसला जातो. ती असली तर शंभर वर्षांनीही हेळवाकच्या वाटेवर कोणी त्याचे नाव घेतो. स्वतः आघारकरांनी त्याबद्दल कुरकूर करीत आयुष्य दवडले नाही. ते वनस्पतिशास्त्राकडे वळले. कलकत्ता विद्यापीठाने त्यांस घोष प्राध्यापक नेमले. अध्ययनासाठी जर्मनीस गेले असता महायुद्ध पेटले व शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून त्यांस स्थानबद्धता भोगावी लागली. तशातही त्यांनी १९१९ साली बर्लिनची डॉक्टरकी मिळविली. परत येऊन १९४६ पर्यंत कलकत्त्यास अध्यापन केले. एवढी सेवा झाल्यावर दुसरा कोणी विसावला असता. यांनी त्याच वर्षी पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन केली व १९६० साली निधन होईपर्यंत तिचे संचालकपद मानद वृत्तीने चालविले. १९९२ साली तिलाच आघारकर संशोधन संस्था हे नाव मिळाले. कलकत्त्याच्या फडताळांत जी शिस्त ते शिकले, ती त्यांनी पुण्यास आणून रुजविली, असे आम्ही समजतो.

हेळवाकास पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. ग्रेव्हली-आघारकरांनी जे खोरे पाहिले त्याचा वरचा मोठा भाग आता शिवाजीसागराच्या पाण्याखाली आहे. कोयनेचे धरण १९५४ नंतर बांधण्यात आले. त्याच्या विजेने महाराष्ट्रातील कारखाने चालले. त्यासाठी या खोऱ्यातील गावेच्या गावे उठली, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात येथील माणसांनी मोठा घाव सोसला. आम्ही धरणाच्या खालच्या अंगास, नदी पूर्वेकडे वळते तेथे काठावर जाऊन उभे राहिलो. वैशाखातील स्तब्ध डोहांची माळ पाहावयाची म्हणून आम्ही आलो होतो. समोर नदी वाहत होती. भरघाव नव्हे, पण चांगली घोटाभर-गुडघाभर, सतत वाहत होती.

भावोजी बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "हे आपलेच पाणी आहे." त्यांचे म्हणणे बरोबर होते. उन्हाळ्यात सांगलीकडच्या उपसा योजनांसाठी कोयना धरणातून पाणी सोडतात; ते याच पात्रातून कऱ्हाडास व पुढे टेंभूस जाते, आणि तेथून कडेगावच्या बांधावर. ज्या पाण्याने आमच्या भगिनीची पहाटेची पायपीट थांबली, भावोजींचा ऊस उभा राहिला, त्याच पाण्याने कोयनेच्या खालच्या डोहांची वैशाखी निद्रा मोडली आहे. कोणास दोष द्यावा? तहानलेल्या गावास पाणी मिळू नये असे म्हणणारा आमच्यात कोणी नव्हता. पण आपण काय घेतले व कशाच्या बदल्यात घेतले, याचा जमाखर्च तरी माणसाने जाणून असावे. तो जमाखर्च मांडता येतो याचे एकच कारण, की १९११ साली कोणी वाकून पाहिले, आणि कोणी ते बाटलीत, चिठ्ठीवर व छापील पानावर जपून ठेवले. नाही तर येथे असा जीव नांदत होता हेच आज कोणास ठाऊक नसते, आणि जे ठाऊकच नाही त्याची हळहळ कोण करणार?

संग्रहालयेही अमर नाहीत, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भयाने प्राणी सर्वेक्षणाचा संग्रह कलकत्त्याहून काशीस हलविला होता. १९४३ साली तेथे वरुणा नदीस पूर आला आणि पाण्याने त्या अमोल संग्रहाची फार हानी केली. ज्यांना पाण्यातून काढून काचेत ठेवले, त्यांतील कित्येकांस पाण्याने परत नेले! जे उरले ते वाळवून, पुसून, पुन्हा चिठ्ठ्या जुळवून लोकांनी कामास आरंभ केला. १९५९ पासून त्या संस्थेची एक शाखा पुण्यासही आहे. आणि हा डोंगरही अजून रिता झालेला नाही. १९६३ साली सोमण यांनी कोयनेच्या परिसरातून एका नव्या भेकाचे वर्णन केले व त्यास कोयनेचेच नाव दिले. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर रंगीत गळपंखा फुलविणारा जो सरडा आहे, त्याच्यासाठी २०१६ साली संशोधकांनी नवे कुळच स्थापिले आणि त्यास नाव दिले 'सरडा', शुद्ध मराठी शब्द! सगळे शोध लागून गेले, असे ज्या मुलांस वाटते त्यांनी या तारखा ध्यानात ठेवाव्यात.

त्या दिवशी आम्हांस जेलीफिश दिसला नाही. मुलाने काठाच्या दगडांखाली हात घालून दोन शंख काढले, तळहातावर ठेवून पाहिले, आणि या खेपेस त्याने प्रथम वही काढली.

सायंकाळी घरी आलो. आजींनी सर्व हकीकत नीट ऐकून घेतली. जेलीफिशच्या देहात बहुतेक पाणीच असते, म्हणून तो वाळवून ठेवता येत नाही, त्यास औषधी द्रावणच लागते, हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "आणि शंखाला?" शंखास काही लागत नाही, आतला जीव काढून, धुऊन, वाळवून ठेवला की झाले. "मग तसे आधी का नाही सांगितले?" असे म्हणून त्या आत गेल्या आणि लोणच्याच्या तीन रिकाम्या, घासून लख्ख केलेल्या बरण्या घेऊन आल्या. कोनाड्यातील अकरा बाटल्यांपैकी ज्यांचे मूळ मुलास काही केल्या आठवले नाही त्या त्याने स्वतःच परसात नेऊन रित्या केल्या. आम्हांस आमची पेटी आठवली, पण आम्ही काही बोललो नाही.

भावोजींनी अभियांत्रिकीचा आग्रह सोडला असे आम्ही म्हणत नाही. तेरा वर्षांच्या मुलाचे विधिलिखित एका दिवसाच्या सहलीने ठरत नसते. परंतु रात्री जेवणे झाल्यावर ते आपले जमाखर्चाचे पेन घेऊन माडीवर गेले, मुलाशेजारी बसले, आणि बरणीत ठेवावयाच्या कागदाच्या तुकड्यावर त्याने काय लिहिले ते वाचून म्हणाले, "नुसते हेळवाक काय? धरणाच्या वर की खाली, डावा काठ की उजवा, तेही लिही. उद्या कोणाला ती जागा शोधायची झाली तर?"